बोट ओढायला गाडी घ्यायचीय? मग आधी बोटीचं वजन करा

बोट घेतली किंवा घ्यायचं ठरलं की पुढचा प्रश्न लगेच येतो, ही ओढायची कशाने? मग सगळे ब्रोशर उघडून टोइंग कपॅसिटीचा (गाडी किती किलो ओढू शकते त्याचा) एकच आकडा बघत बसतात, २००० किलो, २५०० किलो, ३५०० किलो, जेवढा आकडा मोठा तेवढी गाडी भारी. आकडा खोटा नसतो हो, पण तो एकटा काही कामाचा नाही. ओढणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे, सपाट रस्त्यावर बऱ्याच गाड्या बोट ओढून नेतात. गाडी कमी पडते ती थांबताना, हिचवर (गाडीमागे ट्रेलर जोडायचा भाग) वजन बसल्यावर, आणि ओल्या रॅम्पवरून (बोट पाण्यात उतरवायचा उतार) बोट बाहेर काढताना. खालच्या पायऱ्या त्या हिशोबाने लिहिल्यात, शक्यतो क्रमानेच जा. पहिली पायरी सोडून थेट शोरूमला गेलात तर सेल्समन जे म्हणेल ते खरं वाटायला लागेल.

पायरी १: बोटीचं खरं वजन काढा

बोटीच्या कागदावर जे वजन लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा कोरडं वजन असतं, म्हणजे नुसता सांगाडा. त्यात इंधन नाही, पाणी नाही, सामान नाही, कित्येकदा मागचं आउटबोर्ड इंजिनसुद्धा नाही, आणि ट्रेलर तर नाहीच नाही. तुम्ही मात्र रस्त्यावर हे सगळं मिळून ओढणार असता.

एक उदाहरण घेऊ, साडेपाच मीटरच्या आसपासची फायबरग्लासची बोट. कागदावर ७५० किलो. मागे १५० हॉर्सपॉवरचं फोर स्ट्रोक आउटबोर्ड, अशी इंजिनं दोनशे किलोच्या वर असतात, २२० धरा. टाकीत १०० लिटर पेट्रोल, पेट्रोल साधारण पाऊण किलो लिटर असतं म्हणजे ७५ किलो. दोन बॅटऱ्या ४५ किलो. नांगर, साखळी, दोऱ्या, लाइफ जॅकेट, आईसबॉक्स, मासेमारीचं सामान हे सगळं मिळून ८० तरी होतंच, आणि हे दरवर्षी वाढतं, कमी झालेलं कोणी पाहिलं नाही. ट्रेलर ३५० किलो. बेरीज करा, १५२० किलो. कागदावरच्या ७५० च्या दुप्पट झालं की नाही?

ही झाली कागदावरची बेरीज, पण खरा मार्ग म्हणजे वजनकाटा. ट्रक तोलायचा काटा जिथे असेल तिथे बोट, ट्रेलर, भरलेली टाकी, सगळं सामान असं नेहमीसारखं भरून न्या आणि तोलून पावती घ्या. बोट अजून घेतलेली नसेल तर विकणाऱ्याला सांगा की काट्यावर दाखव, थोडे पैसे लागतील पण तीच बोट ओढायला चुकीची गाडी घेण्यापेक्षा स्वस्त पडतं. जुन्या बोटीत अजून एक भानगड असते, तळाच्या फोममध्ये किंवा आतल्या लाकडात वर्षानुवर्षं पाणी मुरलेलं असतं आणि वजन बाहेरून कळत नाही, काट्यावर कळतं.

अंदाज हवाच असेल तर रबरी डिंगी आणि तिचा ट्रेलर मिळून दोन-चारशे किलोत बसतात. पाच मीटरची आउटबोर्ड बोट ट्रेलरसकट हजार-बाराशेच्या आसपास, सहा-साडेसहा मीटरची आत इंजिन असलेली बोट दोन हजाराच्या घरात, आणि झोपायला केबिन असलेली सात-आठ मीटरची असेल तर तीन हजाराच्या पुढे सहज जाते. हे फक्त दिशा कळावी म्हणून, यावर गाडी बुक करू नका.

पायरी २: गाडीचे चार आकडे वाचा

आता गाडीकडे या. ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या खांबावर किंवा बॉनेटखाली एक प्लेट किंवा स्टिकर असतो, आणि बाकीचं मॅन्युअलमध्ये असतं. तुम्हाला चार गोष्टी हव्यात: ब्रेकवाला ट्रेलर किती किलोपर्यंत चालतो, गाडीत एकूण किती भार घालता येतो म्हणजे पेलोड, हिचच्या बॉलवर (ट्रेलर ज्या गोळ्यावर अडकतो तो) खाली दाबणारं वजन किती चालतं (याला टंग वेट किंवा नोज वेट म्हणतात), आणि गाडी अधिक ट्रेलर मिळून एकूण किती. युरोपियन प्लेटवर साधारण चार ओळी असतात, पहिली गाडीचं कमाल वजन, दुसरी गाडी आणि ट्रेलर मिळून, मग पुढचा अॅक्सल, मग मागचा. दुसऱ्या ओळीत आकडाच नसेल तर ती गाडी ट्रेलर ओढायला मंजूर नाही असं समजायचं, मग विकणारा काहीही म्हणो.

या चारातला सगळ्यात आधी संपणारा आकडा बहुधा पेलोड असतो आणि तो कोणी बघतच नाही. टंग वेट म्हणजे ट्रेलरचं वजन नाही का, गाडीचा काय संबंध, असं वाटतं, पण बॉलवर बसलेलं प्रत्येक किलो गाडीच्या मागच्या चाकांवरच येतं, म्हणजे ते गाडीत ठेवलेलं सामानच झालं. आपली १५२० किलोची बोट घ्या. युरोपात ट्रेलरच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के बॉलवर ठेवतात, अमेरिकेत साधारण १० ते १५ टक्के सांगतात, बोटीच्या ट्रेलरला थोडं कमीही चालवतात. १० टक्के धरले तर १५२ किलो. गाडीचा पेलोड समजा ४५० किलो आहे. घरातली पाच मोठी माणसं ३५० किलो, डिकीतलं सामान ६० किलो, झाले ४१०. त्यात १५२ टाका, ५६२. म्हणजे ब्रोशरमध्ये २००० किलो ओढते लिहिलेली गाडी दीड हजाराची बोट लावल्यावर शंभर किलोने ओव्हरलोड! आणि बरेच छोटे क्रॉसओव्हर असे असतात की त्यांच्या बॉलची मर्यादाच ७५ किंवा १०० किलो असते, तिथे ७ टक्के धरले तरी १०६ होतात, म्हणजे तिथेही बसत नाही.

यावर लगेच सुचणारी युक्ती म्हणजे बोट ट्रेलरवर थोडी मागे सरकवायची, बॉलवरचं वजन आपोआप कमी होतं. हे करू नका. का ते पायरी ६ मध्ये येईल.

चौथ्या आकड्याचा पण हिशोब असाच. समजा गाडी रिकामी २००० किलो, माणसं आणि सामान धरून २४१०, बोट १५२०, एकूण ३९३०. गाडी-ट्रेलर मिळून मर्यादा ३८०० असेल तर संपलं. गाडी पूर्ण भरलेली आणि ट्रेलरही पूर्ण कपॅसिटीचा, हे दोन्ही एकाच वेळी चालतंच असं नाही, आणि ब्रोशर बनवणारे हे मोठ्या अक्षरात का लिहीत नाहीत ते तुम्हीच समजा.

मार्जिन किती ठेवायचं? बरेच अनुभवी लोक ८० टक्क्यांचा नियम पाळतात, म्हणजे १५२० किलो ओढायचं असेल तर १९०० किंवा त्याच्या वरची गाडी बघायची. मलाही हे पटतं, चढ, उन्हाळा, समोरचा वारा हे सगळं त्या २० टक्क्यांत जातं.

आकडे तुलना करताना एक गोष्ट ध्यानात ठेवा, सगळे देश एकाच पद्धतीने मोजत नाहीत. अमेरिकेत एसएई जे२८०७ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात अॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या सुमारे १८ किलोमीटरच्या चढावर कडक उन्हात एसी चालू ठेवून गाडीने ठराविक वेग राखायचा असतो. युरोपच्या नियमात १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा थांबून परत निघता आलं पाहिजे. त्यामुळे एकाच मॉडेलचा आकडा दोन ठिकाणी वेगळा दिसला तर गोंधळू नका, जिथे गाडी रजिस्टर होणार तिथलाच आकडा धरायचा.

पायरी ३: थांबणार कशी?

दीड टन मागून ढकलत असताना गाडीचे ब्रेक एकटे पुरत नाहीत. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतातच, बाकीकडे मर्यादा वेगवेगळ्या आहेत, पण कायदा नसला तरी एवढ्या वजनाला ब्रेकवाला ट्रेलरच घ्या असं मी म्हणेन. प्लेटवर किंवा मॅन्युअलमध्ये बिनब्रेकच्या ट्रेलरचा आकडा वेगळा दिलेला असतो आणि तो खूपच कमी असतो, तो चुकून सोडू नका.

बोटीच्या ट्रेलरला बहुतेक वेळा सर्ज ब्रेक असतात, म्हणजे गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे ढकलला जातो, कपलर (बॉलवर बसणारं ट्रेलरचं तोंड) दाबला जातो आणि त्या दाबाने ट्रेलरचे ब्रेक लागतात. पाण्यात बुडणाऱ्या ट्रेलरला ही पद्धत सोयीची, इलेक्ट्रिक ब्रेकसारखा वायरी आणि मॅग्नेट खराब व्हायचा प्रश्न नाही, गाडीत वेगळा कंट्रोलर बसवायला लागत नाही. पण ते पुढे जाताना हळू होतानाच काम करतात. रॅम्पवर तोंड वर करून उभे असाल तर ट्रेलर मागे खेचत असतो, तेव्हा सगळं वजन एकट्या गाडीच्या ब्रेकवर आणि हँडब्रेकवर. आणि हँडब्रेक बहुतेक गाड्यांत फक्त मागच्या चाकांना लागतो, जी चाकं पाण्याच्या कडेला शेवाळावर उभी असतात. म्हणून गाडी बघताना हँडब्रेक चढावर टेस्ट करा, आणि गाडीबरोबर चाकामागे लावायचे दोन चांगले रबरी ठोकळे घ्या. ही खरेदी नंतर बघू म्हणून टाळायची नाही.

पायरी ४: रॅम्पवर कुठली चाकं ढकलतात

माझ्या मते बोटीसाठी गाडी निवडताना सगळ्यात जास्त विचार इथे करायला पाहिजे, कारण कॅरॅव्हॅन किंवा सामानाचा ट्रेलर ओढणाऱ्याला हा त्रासच नसतो. रॅम्पचा उतार साधारण १२ ते १५ टक्के ठेवतात. म्हणजे युरोपच्या त्या चाचणीएवढा किंवा जास्तच, फक्त इथे रस्ता कोरडा नसतो, खालच्या दोन-तीन मीटरवर हिरवी निसरडी साय असते, आणि बोटीतून, ट्रेलरमधून पाणी गळून वरचा भाग पण ओला होतो.

फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीचं काय होतं बघा. बॉलवर शंभर-दीडशे किलो बसलं की मागचा भाग खाली दबतो आणि पुढची चाकं हलकी होतात. त्यात चढ, म्हणजे वजन अजून मागे जातं. ढकलणारी चाकं नेमकी तीच हलकी झालेली, मग ती जागच्या जागी फिरतात आणि रबराचा वास येतो. हलकी बोट, कोरडा सौम्य रॅम्प असेल तर फ्रंट व्हील ड्राइव्हने काम होतं, उगाच घाबरायची गरज नाही, पण हजार-बाराशे किलोच्या वर मी त्याच्या वाटेला जाणार नाही.

रिअर व्हील ड्राइव्हमध्ये वजन ढकलणाऱ्या चाकांवर येतं हे चांगलं, पण तीच चाकं सगळ्यात खाली, सगळ्यात निसरड्या जागी असतात. रिकामा पिकअप असेल तर मागचा भाग मुळातच हलका असतो. फोर व्हील ड्राइव्हचा खरा फायदा इथे कळतो, मागच्या चाकांवर वजन आणि पुढची चाकं वरच्या कोरड्या भागावर, दोघं मिळून बाहेर काढतात. त्यात लो रेंज गिअर असेल तर उत्तमच, अॅक्सिलरेटर न दाबता गाडी हळूहळू चालत वर येते. ऑल व्हील ड्राइव्ह क्रॉसओव्हर पण बऱ्यापैकी काम करतात, फक्त काही गाड्यांत मागच्या चाकांना ताकद पुढची घसरल्यावरच जाते आणि सतत ताण पडला तर ती सिस्टिम गरम होऊन बंद पडू शकते, म्हणून कशी चालते ते विचारून घ्या.

बोट कायम मरीनात पाण्यातच राहणार आणि वर्षातून एक-दोनदा बाहेर काढायची असेल तर मात्र या सगळ्यासाठी मोठी गाडी कशाला घेताय? त्या दिवसापुरता पिकअप भाड्याने घ्या (भाड्याच्या करारात टोइंग चालतं का ते वाचून), किंवा क्रेनवाल्याला पैसे द्या. वर्षभर दोन टनाची गाडी भाजी आणायला फिरवायची, तेही एका दिवसासाठी, हे गणित जुळत नाही.

पायरी ५: इंजिन आणि गिअरबॉक्स

हॉर्सपॉवरपेक्षा कमी आरपीएमला टॉर्क (चाक फिरवायचा जोर) किती मिळतो ते बघा, म्हणूनच डिझेल आणि टर्बो इंजिनं ओढायला लोकांना आवडतात. घाटात, उंचावर जाणार असाल तर अजून एक कारण आहे, बिनटर्बोचं इंजिन दर ३०० मीटर उंचीला साधारण ३ टक्के ताकद गमावतं, म्हणजे १५०० मीटरवरच्या तलावापर्यंत पोचेस्तोवर १५ टक्के गेले. टर्बोवाल्याला हे फार जाणवत नाही.

गिअरबॉक्समध्ये नेहमीचा टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक बोटीसाठी सगळ्यात सोयीचा. मॅन्युअलमध्ये रॅम्पवर इंच इंच मागे-पुढे करताना क्लच जळतो, ड्युअल क्लचमध्ये पण तेच होतं फक्त क्लच तुमच्या पायाखाली नसतो. सीव्हीटीवाल्या (ठराविक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) बऱ्याच गाड्यांची टोइंग मर्यादा कमी असते किंवा टोइंगला परवानगीच नसते. ऑटोमॅटिकला मारते ती उष्णता, त्यामुळे ट्रान्समिशन ऑइलचा वेगळा कूलर आहे का, कंपनीचं टोइंग पॅकेज घेतलं तर मिळतो का, हे विचाराच. टोइंग पॅकेज म्हणजे नुसता लोखंडी हिच नव्हे, त्यात कित्येकदा मोठा रेडिएटर, कूलर, वायरिंग असं बरंच येतं, आणि कधीकधी ब्रोशरमधला मोठा आकडा त्या पॅकेजसकटच लागू असतो.

उताराला गिअर हाताने खाली आणता आला पाहिजे म्हणजे इंजिन ब्रेकिंग मिळतं आणि ब्रेक तापत नाहीत.

इलेक्ट्रिक गाड्यांचं काय? टॉर्क तर भरपूर, रॅम्पवर क्लच-गिअरची कटकट नाही, एकदम मऊ चालतात. पण मागे बोट लावली की रेंज निम्म्याच्या आसपास येणं नवल नाही, आणि बऱ्याच चार्जिंगच्या जागा अशा बांधल्यात की ट्रेलर सोडल्याशिवाय गाडी आत जात नाही. रॅम्प घराजवळ असेल तर बिनधास्त घ्या, लांबच्या प्रवासाला अजून विचार करा.

पायरी ६: लांबी, वजन आणि मागचं हलणं

मागचा ट्रेलर डावी-उजवीकडे डोलायला लागला की शेपूट कुत्र्याला हलवतं तशी गत होते. याचं मुख्य कारण म्हणजे बॉलवर वजन कमी असणं, म्हणून बोट मागे सरकवायची ती युक्ती नको म्हटलं. वजन मागे गेलं की ट्रेलर डोलायला लागतो आणि वेग वाढेल तसं डोलणं वाढतं. गाडी जड असेल, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) लांब असेल आणि मागच्या अॅक्सलपासून बॉल जवळ असेल तर ती ट्रेलरला धरून ठेवते. छोट्या व्हीलबेसची जीप रॅम्पवर राजा असते पण हायवेवर लांब बोटीबरोबर तितकी निवांत नसते, हे दोन्ही बाजूंनी तोलायला लागतं.

डोलायला लागलंच तर जोरात ब्रेक मारू नका आणि स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नका, सरळ धरा, अॅक्सिलरेटर सोडा, वेग आपोआप उतरू द्या. आजकाल बऱ्याच गाड्यांत ट्रेलर स्टॅबिलिटी कंट्रोल असतं, ते असेल तर घ्याच, पण चुकीचं भरलेलं वजन ते दुरुस्त करत नाही.

पायरी ७: हिच, बॉल, वायरी

इथे फार लिहीत नाही. साखळीतली सगळ्यात कमजोर कडी तीच तुमची मर्यादा, गाडी ३००० ची आणि हिच १५०० चा असेल तर तुम्ही १५०० वालेच. बॉलचा साइज कपलरवर लिहिलेला असतो तोच हवा, ५० मिमी आणि २ इंच हे एकच आहे असं समजून लावू नका, २ इंच म्हणजे ५०.८ मिमी, एवढासा फरक पण एकतर बसत नाही नाहीतर सैल बसतो. ट्रेलर जमिनीला समांतर राहिला पाहिजे, उंच गाडीला त्यासाठी खाली झुकलेला माउंट लागतो. लाइटचा प्लग किती पिनचा आहे ते बघून घ्या, आणि रॅम्पवर जायच्या आधी तो काढायची सवय लावा, गरम बल्ब थंड पाण्यात गेला की फुटतो.

पायरी ८: सेकंडहँड गाडी असेल तर

बोट ओढलेली जुनी गाडी वाईटच असते असं नाही पण खाली वाकून बघा. समुद्राच्या रॅम्पवर वापरलेली असेल तर मागचा अॅक्सल, ब्रेकचे पाइप, हँडब्रेकची केबल, चासीचा मागचा भाग इथे गंज असतो, पुढे काहीच नसतो, म्हणून फक्त पुढे बघून खूश होऊ नका. ट्रान्समिशन ऑइल काळपट आणि जळका वास येत असेल तर निघा तिथून. रिकामी उभी असताना मागून दबलेली दिसते का? ट्रेलरची वायर मूळ हार्नेसमध्ये कापून, टेप गुंडाळून जोडलीय का? हिच नवीन चकचकीत आणि बाकी गाडी मळकी असेल तर विकण्याआधी बसवलाय का तेही विचारा. मागचे टायर गाडीला लागतात तेवढ्या लोड रेटिंगचे आहेत का हे पण तपासा, स्वस्तात बदललेले टायर इथे सापडतात.

पायरी ९: पैसे द्यायच्या आधी

शक्य असेल तर आपल्याच बोटीसकट टेस्ट ड्राइव्ह मागा. सगळे देत नाहीत, पण विचारायला काय जातंय. मिळाली तर हायवेला पळवून बघण्यापेक्षा एखादा चढ शोधा, तिथे थांबा, हँडब्रेक लावा, परत निघा, आणि मग रिव्हर्समध्ये हळूहळू मागे घ्या, मागचा कॅमेरा बॉल दाखवतो का बघा, एकट्याने ट्रेलर जोडणाऱ्याला तो कॅमेरा फारच उपयोगी.

लायसन्स आणि इन्शुरन्सची चौकशी पण याच वेळी करा. युरोपात साध्या बी कॅटेगरीच्या (कारच्या) लायसन्सवर ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर चालतो, त्याहून जड असेल तर गाडी-ट्रेलर मिळून ३५०० किलोच्या आत हवं, त्याच्या पुढे वेगळं ट्रेनिंग किंवा वेगळं लायसन्स लागतं. प्रत्येक देशाचे नियम वेगळे, वेगमर्यादासुद्धा ट्रेलर लावल्यावर कित्येक ठिकाणी कमी होते. इन्शुरन्सवाल्याला लेखी विचारा की ट्रेलर लावलेला असताना कव्हर आहे का, आणि मर्यादेपेक्षा जास्त वजन असेल तर क्लेम मिळतो का. डीलरकडून पण टोइंगचा आकडा त्याच व्हेरिअंटसाठी, त्याच इंजिन-गिअरबॉक्ससाठी ईमेलवर घ्या, कारण एकाच मॉडेलच्या दोन व्हेरिअंटमध्ये हजार किलोचा फरक असू शकतो आणि तोंडी सांगणारा नेहमी वरचाच आकडा सांगतो.